रेव्हरंड नारायण वामन टिळक : कवीचे चरित्र व त्याच्या भजनांचा अर्थ

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लहानमोठ्या मंडळ्यांत असा रविवार विरळाच, की ज्या दिवशी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे एखादे भजन गाइले जात नाही. मलकापुराकडील काळ्या जमिनीच्या गावी जा अथवा मेहकर-चिखलीकडील घाटावर जा, उपासनेत त्यांची पदे ऐकू येतातच. आपल्या मुलांस ती तोंडपाठ असतात. मरणाच्या घरी ती सांत्वन देतात. परंतु ही पदे रचणारा पुरुष कोण होता, तो कोणत्या काळी व कोणत्या घरात वाढला, त्याने काय सोसले, असे कोणी विचारले तर पुष्कळांस उत्तर देता येत नाही.

ह्या अज्ञानापासून दोन प्रकारची हानी होते. आपल्यापैकी काही वडील मंडळी म्हणतात की, ह्या भजनांत गुरू, माउली, संत असले शब्द येतात व चाली तर वारकऱ्यांच्या आहेत. सबब ती आपल्या उपासनेत नसावीत. उलट बाजूस आपले काही शेजारी म्हणतात की, टिळक मनाने आपल्याच जुन्या धर्मात राहिले होते, नाहीतर ते अभंग कशाला लिहिते? दोघेही शब्द वाचतात, पण शब्द ज्या मनुष्याच्या तोंडून निघाला त्याकडे पाहत नाहीत. काव्याचा अर्धा अर्थ शब्दांत असतो. उरलेला अर्धा कवीच्या काळात, त्याच्या घरात व ज्या लोकांसाठी त्याने लिहिले त्या लोकांत शोधावा लागतो.

उपदेशक बंधूंस ही रीत अगदी नवी नाही. आमोस संदेष्टा मेंढरे राखणारा व उंबराची फळे गोळा करणारा होता, हे ठाऊक असले म्हणजे पेंढ्यांनी लादलेली गाडी व फळांची टोपली त्याच्या भाषणात का येतात हे सहज कळते. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता, हे ध्यानात ठेविल्यास त्या पत्रातील आनंदाचे मोल दसपट वाढते. शास्त्र वाचताना जी काळजी आपण घेतो, तीच आपल्या भजनांविषयीही घेणे उचित आहे. म्हणून टिळकांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो आणि त्याच्या उजेडात त्यांच्या रचना कशा वाचाव्या हेही दाखवितो.

नारायणरावांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई प्रेमळ असून मुलाचा सगळा जीव तिच्या ठायी होता. ही आई त्यांच्या बालवयातच वारली. त्यानंतर घरात त्यांचे मन रमेना. त्यांनी घर सोडले व नाशिकाची वाट धरली.

आता ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारे त्यांचे अभंग मनापुढे आणा. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो म्हणेल की, शास्त्रात देवाला पिता म्हटले असता ह्या कवीने आई हा शब्द कोठून आणिला? परंतु ज्या मुलाची आई लहानपणीच गेली व ज्याने घरात बापाचा धाकच अधिक पाहिला, त्याला प्रेमाची परिसीमा सांगावयास दुसरा कोणता शब्द सापडावा? शिवाय हा शब्द त्यांच्या एकट्याचा नव्हे. महाराष्ट्रात शेकडो वर्षे भक्त आपल्या देवाला व आपल्या गुरूला माउली म्हणत आले आहेत. शेगावची पालखी आषाढीला पंढरपुराकडे निघते तेव्हा हाच शब्द आपण आपल्या दारावरून जाताना ऐकतो. टिळकांनी तो शब्द उचलून प्रभूच्या चरणी ठेविला. ह्यात मताचा घोटाळा नाही. एका पोरक्या मुलाचे दुःख आणि एका देशाची भक्तीची भाषा ह्यांचा तो संगम आहे. यशया संदेष्ट्यानेही परमेश्वराच्या सांत्वनाला आईच्या सांत्वनाची उपमा दिली आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी विसरू नये.

नाशिकास गणेशशास्त्री लेले ह्या विद्वान शास्त्र्यांजवळ त्यांनी संस्कृत भाषेचा व काव्यशास्त्राचा अभ्यास केला. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले. सन १८८० साली गोखले घराण्यातील मनकर्णिका ह्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. लग्नानंतरही नारायणराव एके ठिकाणी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकाची नोकरी, कीर्तने, प्रवचने असे करीत ते गावोगाव फिरले व शेवटी नागपुरास आले. तेथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. नाशिकाहून नागपुरास जाणारी आगगाडी आपल्या मलकापूर, नांदुरा व शेगाव ह्या स्थानकांवरून जाते. तेव्हा हा अस्वस्थ तरुण पंडित आपल्या जिल्ह्यातून गेलाच असला पाहिजे. त्याची पदे आपली पुढची पिढी गाईल, हे त्या वेळी कोणास ठाऊक होते?

त्यांच्या अस्वस्थतेचे कारणही समजून घेतले पाहिजे. त्या काळी महाराष्ट्रातील सुशिक्षितांत मोठी खळबळ माजली होती. देश परतंत्र होता. जातिभेदाने समाज चिरफळला होता. जुन्या आचारांविषयी शंका उत्पन्न झाल्या होत्या. राष्ट्र उभे राहावयाचे तर सर्वांस एकत्र बांधणारा धर्म पाहिजे, असे टिळकांस वाटू लागले व त्या धर्माच्या शोधात त्यांचे चित्त पडले. स्वदेशाविषयीची ही तळमळ त्यांच्या ठायी ख्रिस्ती होण्यापूर्वीच होती व शेवटपर्यंत राहिली. म्हणून त्यांच्या देशगीतांत व भक्तिगीतांत दोन निराळी मने शोधणे व्यर्थ आहे. दोन्ही एकाच मनातून निघाली.

सन १८९३ मध्ये ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. दोघांचे बोलणे झाले व उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांस त्या बोलण्याचे हसू आले. तथापि पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते व ते त्यांनी पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांस पुस्तक खाली ठेववेना. पुढे पुष्कळ विचार व पत्रव्यवहार होऊन ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथून त्यांच्या चरित्रातील अत्यंत कठीण काळ सुरू होतो. त्या काळी ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे जिवंतपणी मरणे होते. पाणवठा, पंगत, भावकी, सारे तुटत असे. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. एकीकडे नवा प्रभू व दुसरीकडे पत्नी आणि लहान मुलगा दत्तू, अशी टिळकांची ओढाताण झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याजवळ आल्या, स्वतः पाहून व विचार करून त्यांनी आपले मन बदलले आणि सन १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ह्या वर्षांचा वृत्तान्त त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविला आहे. हे पुस्तक सन १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात पतीचा राग, उतावळेपणा व घरात काही न ठेवता दान करण्याची सवय, ह्यांतील काहीही बाईंनी झाकून ठेविलेले नाही. ज्या उपदेशकास टिळकांची पदे नीट समजून घ्यावयाची असतील, त्याने हे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे.

समर्पणाची व त्यागाची जी भजने आपण सहजपणे टाळ्या वाजवीत गातो, ती ह्या पाच वर्षांच्या पार्श्वभूमीवर वाचा. सर्व काही प्रभूला दिले, असे म्हणणाऱ्या ह्या मनुष्याने काय दिले होते हे कळले म्हणजे आपला आवाज क्षणभर थांबेल. आणि पैशाच्या लोभाने ते ख्रिस्ती झाले असे जे कोणी म्हणतात, त्यांसही ह्यातच उत्तर आहे. विद्वान म्हणून मान, श्रीमंत आश्रयदाता व सारे गणगोत हे सर्व सोडून ते आले. हा व्यवहार लोभाचा खचित नव्हे.

अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, त्यांच्या आयुष्याची पुढील पुष्कळ वर्षे गेली. तेथे त्यांनी ईश्वरविद्येच्या शाळेत शिकविले व सन १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. येथे त्यांच्या काव्यात मोठा पालट झाला व आपल्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. लेलेशास्त्र्यांच्या ह्या शिष्याला संस्कृत वृत्तांत लिहिण्याची हातोटी होती व विद्वानांनी त्यांचे कौतुक केले असते. परंतु आता त्यांचे सोबती कोण होते? बहुतेक मंडळी गावकुसाबाहेरील वस्त्यांतून आलेली, दुष्काळांनी गांजलेली व अक्षरओळख नसलेली होती. सन १८९९–१९०० च्या भयंकर दुष्काळात नगरकडे व आपल्या वऱ्हाडातही अनेक अनाथ मुले मिशनांच्या आश्रयास आली. आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्यांतीलच होते. ह्या लोकांच्या हाती जी गीते होती त्यांतील पुष्कळशी इंग्रजीवरून भाषांतरिलेली व विलायती चालींवर बसविलेली होती. शेतात व जात्यावर ती गाता येत नसत.

टिळकांनी ओळखिले की, ज्या लोकांच्या कानात ओवी, अभंग व भजन जन्मापासून घुमत आहे, त्यांच्या अंतःकरणात शिरावयाचे तर त्याच दाराने शिरले पाहिजे. तुकोबांच्या अभंगांचा त्यांस मोठा नाद होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे ते बोलत असत. म्हणून त्यांनी अभंग हाती घेतला. शेकडो पदे व भजने त्यांनी रचिली व भक्तिपर अभंगांचा ‘अभंगांजली’ हा संग्रह मागे ठेविला. पूर्वी ज्या माणसांची सावलीही ब्राह्मण चुकवीत, त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून गाण्यासाठी एका ब्राह्मण पंडिताने ही पदे केली, हे ध्यानात आणिले म्हणजे बंधुभावाची त्यांची भजने केवळ गोड शब्द राहत नाहीत. त्यांच्या शब्दांतील साधेपणाला विद्येचा अभाव कारण नव्हता. आपल्यासाठी त्यांनी आपली विद्या बाजूस ठेविली, हे त्या साधेपणाचे कारण होय. जे वडील ह्या चालींस हिंदू चाली म्हणून नावे ठेवितात, त्यांस आम्ही नम्रपणे विचारितो की, ह्या चाली आपल्या आज्यापणज्यांच्या नव्हत काय?

लहान मुले, फुले व पाखरे ह्यांवरही त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यामुळे त्यांस फुलामुलांचे कवी म्हणतात. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण पिलांच्या ओढीने घरट्याकडे येते, हा प्रसंग वर्णिणारी ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पिढ्यान्पिढ्या शाळांतून शिकविली गेली आहे. येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. टिळकांची आई लवकर गेली हे कळल्यावर ही कविता आपल्या मनास अधिक लागते, हे खरे. परंतु ती पक्षीण म्हणजे त्यांची आईच, असे जर कोणी प्रवचनात सांगू लागेल तर ते चूक होईल. कवीचे चरित्र हा दिवा आहे. त्याच्या उजेडात कविता पाहावयाची असते. दिव्याकडेच टक लावून बसले तर डोळे दिपतात व कविता दिसेनाशी होते. तसेच अमुक भजन अमुक संकटात रचिले अशा गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात. त्यांस आधार नसेल तर त्या सांगू नयेत. भजन खरे आहे. त्याला खोट्या कथेचा टेकू नको.

नव्या कवींवर टिळकांचा मोठा लोभ होता. पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी मुलाप्रमाणे राहिले. सन १९०७ साली आपल्या शेजारच्या जळगावी कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांनी त्यांस टाकिले होते त्यांच्याच समाजातील कवी सुमारे बारा वर्षांत त्यांच्याभोवती जमले, ही गोष्ट लहान नव्हे.

सन १९१२ पासून मरणापर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. तो काळ स्वदेशीच्या चळवळीनंतरचा व पहिल्या महायुद्धाचा होता. देशात स्वाभिमान जागा झाला होता. परंतु मंडळ्यांचा कारभार बहुतांशी परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होता. हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे व आपल्या रीतीने प्रभूची सेवा करावी, असे टिळक आग्रहाने लिहीत. त्यांची ह्या विषयावरील पदे आज कोणी वाचील तर त्यास ती मिशनऱ्यांविषयी कृतघ्नपणाची वाटतील. पण डॉ. ह्यूम ह्यांच्यासारख्या मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते. त्यांचे भांडण माणसांशी नव्हते. आपल्या लोकांच्या परावलंबनाशी होते. बाहेरून येणाऱ्या पैशाकडे डोळे लावून बसण्याची खोड ज्या मंडळ्यांतून अद्याप गेली नसेल, त्यांस ती पदे आजही लागू आहेत.

त्यांची ‘वनवासी फूल’ ही दीर्घ कविता प्रसिद्ध आहे. एकान्तात राहून आपले चित्त शुद्ध ठेवावे की लोकांत जाऊन त्यांची सेवा करावी, हा तिच्यातील वाद. टिळकांनी ह्या प्रश्नाचे उत्तर शेवटी आपल्या आयुष्यानेच दिले. सन १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ काढिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व तेथे यावे, अशी त्यांची इच्छा होती. वैराग्याचा मार्ग त्यांनी पत्करिला, पण तो वनात नेणारा नव्हता. तो लोकांत नेणारा होता.

हे कार्य वाढण्यापूर्वीच त्यांचे शरीर थकले. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले. आपणांत पुरण्याची रीत असल्याने हे काहींस चमत्कारिक वाटते; परंतु आपण ख्रिस्ती झालो म्हणजे परके झालो नाही, हेच त्यांनी मरणातही आपल्या देशबंधूंस सांगितले. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्रावरील महाकाव्य अपुरे राहिले. त्याचे आरंभीचे सुमारे दहा अध्याय त्यांचे. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी रचिले. ज्या बाईला वाचावयास पतीने शिकविले व जी एके काळी त्याच्या बाप्तिस्म्याने उद्ध्वस्त झाली होती, तिनेच त्याचा ग्रंथ पुढे नेला. लक्ष्मीबाई सन १९३६ साली वारल्या व ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. एकाच ग्रंथात दोघांचे हात आहेत हे ठाऊक असणारा वाचक त्यात काव्याहून काही अधिक वाचतो.

आता उपदेशक बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. पुढील रविवारी टिळकांचे भजन म्हणण्यापूर्वी दोन मिनिटे मंडळीस सांगावे की, हे रचणारा कोण होता, त्याने हे कोणासाठी रचिले व त्यातील कठीण शब्दाचा अर्थ त्याच्या काळी लोक काय समजत. एवढे झाले म्हणजे पुरे. मग लांब व्याख्यान न करता टाळ हाती घ्यावे. ज्यांस ह्या भजनांचा आक्षेप आहे अशा वडिलांशीही वाद न घालता हे चरित्र त्यांस सांगावे. आईच्या मायेला मुकलेला, पाच वर्षे पत्नीला दुरावलेला, आणि विद्येचा मान सोडून आपल्या आज्यापणज्यांच्या पंक्तीस बसलेला हा मनुष्य कोणत्या माउलीला हाक मारीत होता, हे त्यांस कळले म्हणजे तेही आपल्याबरोबर गातील, असा आम्हांस भरवसा आहे.